तीन वर्षांनी धाकटा जुळा

माझ्यामागून अकरा मिनिटांनी आला सिल्वेर,
बाफांगच्या मिशन दवाखान्यात, कंदिलाच्या उजेडात.
त्या पहाटे आईचं नावच बदललं.
गाव तिला माग्नी म्हणू लागलं, जुळ्यांची आई,
बाजारात बायका तिला वाट सोडून उभ्या राहू लागल्या.

सोळाव्या वर्षी तो कागदावर तेराचा झाला.
दुआलाहून आलेले मस्य फिदेल
आमच्या बाकावर बसले,
मी तळलेले बेन्ये खाल्ले, घेवड्याची उसळ पुसून खाल्ली,
बोटं रुमालाला पुसत म्हणाले,
सोळा म्हणजे उशीरच झाला.
कचेरीतल्या कारकुनाला एक कोंबडा, पंचवीस हजार फ्रँक,
नवा दाखला, नवी तारीख: वीस नोव्हेंबर.
शिक्का ओला होता.
तो मीच फुंकून वाळवला.

आई एवढंच म्हणाली,
अकरा मिनिटं सोसली मी,
ह्याने तीन वर्षं केली त्यांची.

वय चोरलं त्याने, खरं आहे.
अंग कधी चोरलं नाही.
लाल मातीचं उतरतं मैदान, डाव्या बाजूला नाला.
चेंडू नाल्यात पडायच्या आत हा घसरत जाऊन अडवायचा,
दर रविवारी मांडीचं कातडं मातीला देऊन यायचा.
मी मिठाचं पाणी लावायची,
तो शिव्या गिळायचा, कारण आई आत होती.

दुआलाच्या क्लबात दोन हंगाम.
पाच महिन्यांत दोनदा पगार,
उरलेल्या तिनात तांदळाचं पोतं आणि अध्यक्षांचं हसू.
मग मोल्दोवा.
शाळेच्या मास्तरांनाही नकाशावर बराच वेळ बोट फिरवावं लागलं.
फोनवर म्हणाला, इथे श्वास दिसतो.
कसा रे दिसतो?
आई मक्याच्या कुसकुसावरचं झाकण काढते ना, तसा.

मग तुर्कस्तान, दुसरी लीग, समुद्राकाठचं गाव.
पैसे पहिल्यांदाच वेळेवर.
घरावर नवा पत्रा आला, माझ्या टपरीत फ्रीज आला,
आणि कधी न पाहिलेले चुलते आले,
प्रत्येकाच्या हातात कुणाच्या तरी फीची पावती.

दर नोव्हेंबरात क्लब केक आणायचा.
रात्री त्याचा फोन:
अगं, आज पुन्हा माझा वाढदिवस केला त्यांनी.
फ्रेंच बाजूला ठेवून
आम्ही फेफेत हसायचो, पोट दुखेस्तोवर.

एकदाच राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं.
याउंदे. हिरवा शर्ट, नंबर एकोणीस.
बाफांगच्या बारवाल्यांनी टीव्ही रस्त्यावर आणून ठेवले.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला तो बाकावरून उठला,
मोजे वर ओढले,
आई उभी राहिली, तिच्यामागे सगळी गल्ली.
चेंडू बाहेर जाईचना.
मग शिट्टी.
तो शर्ट आमच्या भिंतीवर आहे.
आई म्हणते, एकदाही धुवावा लागला नाही.

गुडघा बेल्जियममध्ये गेला.
डॉक्टर म्हणे फोटो दिव्यासमोर धरून उभाच राहिला,
दाखल्यातले तीस बघ, पुन्हा फोटो बघ.
हाडांना शिक्का वाचता येत नाही.

आता तो त्याच उतारावर पोरांना शिकवतो,
वळताना उजव्या पायावर भार देतो.
काल मस्य फिदेल पुन्हा आले. केस पांढरे, रुमाल तसाच.
विल्फ्रीडला बघायला, न्यामसीच्या पोराला.
डावा पाय आहे त्याला, देवानं दिलेला.
वय काय रे तुझं? फिदेलनी विचारलं.
पोराने तोंड उघडलं,
आणि सिल्वेरकडे पाहिलं.

सिल्वेर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.
नाडी बांधलेलीच होती.

बाकावर सगळे गप्प,
माझी कढई तापलेली.